दुसऱ्या जोशांच्या नावावरचे बोजे

ह्यूस्टनमधलं भाड्याने दिलेलं टाउनहाउस विकायला काढलं. गिऱ्हाईक मिळालं, करारावर सह्या झाल्या आणि टायटल कंपनीकडून ‘कमिटमेंट’ नावाचं बाड ईमेलने आलं. टेक्सासमध्ये घराचा व्यवहार या कंपनीच्या हातून होतो. मालकी निर्वेध आहे का ते ती तपासते, त्यावर विमा देते आणि मधले पैसेही तीच सांभाळते. बाडाला ए ते डी अशी चार परिशिष्टं असतात. विकणाऱ्याने डोळ्यांत तेल घालून वाचायचं ते सी, कारण पैसे हातात पडण्याआधी काय काय निस्तरायचं आहे त्याची यादी तिथे असते. माझ्या यादीत आधी नेहमीचंच होतं: बँकेचं कर्ज फेडा, सोसायटीची थकबाकी नसल्याचा दाखला आणा. त्याखाली मात्र माझ्या नावाच्या माणसावर हॅरिस काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं, ह्यूस्टन या काउंटीत येतं) कोर्टाच्या निकालाचे दोन बोजे नोंदलेले होते. एक २०१७ चा, दुसरा २०१९ चा. ते चुकते केल्याचा कागद द्या, नाहीतर तो माणूस तुम्ही नाही हे दाखवा.

आडनाव जोशी, आणि पहिलं नाव असं की आमच्या पिढीत दर वर्गात दोघे-तिघे निघावेत. जोशी महाराष्ट्रात आहेत तसे गुजरातेत आहेत, राजस्थानात आहेत, कुमाऊंत आणि नेपाळातही आहेत, आणि या सगळ्या मुलखांतली माणसं ह्यूस्टनमध्ये येऊन राहिलेली आहेत. ‘हा मी नाही’ हे मी फोनवर लगेच सांगितलं. टायटल कंपनीत माझा व्यवहार सांभाळणाऱ्या एस्क्रो ऑफिसर बाई शांतपणे म्हणाल्या, “मिस्टर जोशी, सगळे हेच म्हणतात. मला कागद लागेल.”

हा बोजा चढतो कसा ते आधी सांगतो. पैशाच्या दाव्यात निकाल लागला की जिंकलेली बाजू त्या कोर्टाच्या क्लार्ककडून निकालाचा गोषवारा घेते, ज्याला इथे ‘अ‍ॅब्स्ट्रॅक्ट ऑफ जजमेंट’ म्हणतात, आणि तो काउंटी क्लार्ककडे नोंदवते. नोंदला गेला की त्या काउंटीत प्रतिवादीच्या नावावर असलेल्या, आणि पुढे होणाऱ्याही, स्थावर मालमत्तेवर दहा वर्षं बोजा बसतो. आपल्याकडे सातबाऱ्याच्या इतर हक्कांत सोसायटीचं कर्ज चढतं तसंच हे, फक्त इथे बोजा गट नंबरावर न चढता माणसाच्या नावावर चढतो. सगळा घोळ तिथेच आहे. टेक्सासमध्ये राहत्या घराला असल्या बोजातून मोठं संरक्षण आहे. पण माझं टाउनहाउस भाड्याने दिलेलं, त्यामुळे ती ढाल माझ्या कामाची नव्हती. बोजा ज्या काउंटीत नोंदला तिथेच लागतो, म्हणून शुगर लँडचं माझं राहतं घर यात आलंच नाही. ते पलीकडच्या फोर्ट बेंड काउंटीत आहे.

गूगलवर ‘कोर्ट रेकॉर्ड्स’ टाकलं की आधी येतात त्या मासिक वर्गणीचं दुकान मांडून बसलेल्या खाजगी साइट. नाव टाका, फिरतं चक्र दाखवतात, ‘धक्कादायक माहिती सापडली’ म्हणतात आणि कार्ड नंबर मागतात. त्यांच्याकडे मूळ कागद नसतात, इकडून तिकडून गोळा केलेला सारांश असतो, आणि माझ्यासारख्याच्या बाबतीत तो चार जोशांची खिचडी करून दिलेला असतो. मूळ कागद काउंटीकडेच असतो आणि तो बहुतेक वेळा फुकट बघता येतो. कुठल्या खिडकीवर मागायचा एवढं कळलं पाहिजे.

ही खिडकीची भानगड टेक्सासची खास. राज्यात २५४ काउंट्या आहेत. हॅरिससारख्या मोठ्या काउंटीत दोन वेगळे क्लार्क असतात, काउंटी क्लार्क आणि डिस्ट्रिक्ट क्लार्क. ‘क्लार्क’ शब्दावरून टेबलामागचा कारकून डोळ्यांपुढे येतो, पण ही दोन्ही निवडणुकीची पदं आहेत. लोक मत देऊन चार वर्षांसाठी निवडतात. काउंटी क्लार्ककडे जमिनीची दप्तरं, लग्नाचे परवाने, मृत्युपत्राची प्रकरणं आणि ‘काउंटी सिव्हिल कोर्ट्स अ‍ॅट लॉ’ नावाच्या चार दिवाणी कोर्टांचे कागद. डिस्ट्रिक्ट क्लार्ककडे डिस्ट्रिक्ट कोर्टांचे दावे, घटस्फोट वगैरे. याखेरीज सोळा जस्टिस ऑफ द पीस कोर्टं आहेत. छोट्या रकमांचे दावे आणि भाडेकरूला बाहेर काढण्याचे खटले तिथे चालतात आणि त्यांचे कागद त्यांच्याकडेच असतात. तिन्हींच्या वेबसाइट वेगळ्या. एकीवर नाव टाकून काही आलं नाही, म्हणजे दावाच नाही असं समजू नये. दिवाळखोरी तर यातल्या कुठेच दिसणार नाही. ती केंद्राच्या कोर्टात असते आणि ‘पेसर’ नावाच्या तिसऱ्याच व्यवस्थेत शोधावी लागते. तिथे पानाला दहा सेंट, पण तिमाहीत तीस डॉलरच्या आत राहिलात तर माफ.

माझ्या यादीत कोर्टाचं नाव नव्हतं, नुसता नोंदणीचा क्रमांक होता, ‘आरपी’ने सुरू होणारा. म्हणून आधी काउंटी क्लार्कच्या साइटवर फुकटचं खातं उघडून स्थावराच्या नोंदींत तो क्रमांक टाकला. गोषवारा पडद्यावर आला, पानभर ‘अनधिकृत प्रत’ असा तिरका शिक्का मारलेला. या कागदात काय असावं ते कायद्याने ठरवलेलं आहे: वादी-प्रतिवादीचं नाव, दाव्याचा क्रमांक, निकालाची तारीख, रक्कम, व्याजाचा दर, प्रतिवादीचा पत्ता. जन्मतारीख आणि ड्रायव्हिंग लायसन्स व सोशल सिक्युरिटी (इथला सरकारी ओळख क्रमांक) यांचे शेवटचे तीन-तीन आकडेही, पण ते क्लार्ककडे उपलब्ध असतील तरच. या ‘तरच’ने माझी पंचाईत केली. दोन्ही गोषवाऱ्यांत त्या जागा कोऱ्या होत्या. तीन आकडे असते तर काम पाच मिनिटांत संपलं असतं.

पहिला दावा काउंटी सिव्हिल कोर्टातला. क्रेडिट कार्डाची बुडीत कर्जं विकत घेऊन वसूल करणाऱ्या एका कंपनीने २०१६ मध्ये केलेला, रक्कम चौदा हजार डॉलरच्या आसपास. तो याच कोर्टात का, तेही रकमेवरून कळतं. तेव्हा जस्टिस ऑफ द पीस कोर्टाची मर्यादा दहा हजारांची होती. १ सप्टेंबर २०२० पासून ती वीस हजार झाली, त्यामुळे आज असाच दावा बहुधा खालीच लागला असता. जुनं प्रकरण शोधताना आजची मर्यादा धरून शोधलं तर भलत्याच कोर्टात हुडकत बसाल. वर मात्र अशी स्वच्छ रेघ नाही. काउंटी कोर्ट आणि डिस्ट्रिक्ट कोर्ट यांचे अधिकार एकमेकांवर चढलेले आहेत, वकिलाला सोयीचं पडेल तिथे दावा लागतो. क्रमांकाचा तोंडवळा त्यातल्या त्यात उपयोगी. डिस्ट्रिक्टच्या दाव्याचा क्रमांक वर्षाने सुरू होतो, काउंटी कोर्टाचा नुसता सात आकडी असतो.

पहिल्या जोशांचा पत्ता हिलक्रॉफ्टच्या बाजूच्या एका अपार्टमेंटचा होता. ह्यूस्टनमधली देशी दुकानं, साड्या, सोनं, चाट सगळं त्या भागात. मी २०१६ च्या शरद ऋतूत इथे आलो, त्याआधी न्यू जर्सीत एडिसनला होतो. एडिसनच्या घराचा भाडेकरार आणि त्या वर्षीचा डब्ल्यू-२ (नोकरीच्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला) मी पाठवून दिला. एस्क्रो बाईंचं म्हणणं, तुम्ही तेव्हा दुसरीकडे राहत होता हे ठीक, पण कार्ड आधी कधीतरी इथे राहून काढलेलं असू शकतं. फाइलमध्ये तुमच्यापासून वेगळं काढणारं काही आहे का ते बघा. त्यांची विमा कंपनी, त्यांचा धोका. मला राग आला होता, पण त्यांच्या जागी मीही हेच म्हटलं असतं.

मग फाइल. २०१४ च्या सुरुवातीपासून टेक्सासच्या मोठ्या काउंट्यांत वकिलांना दिवाणी कागद इलेक्ट्रॉनिक पद्धतीनेच दाखल करावे लागतात, त्यामुळे त्यानंतरच्या फाइली बऱ्यापैकी स्वच्छ सापडतात. अर्ज, समन्स, बजावणीचा अहवाल, निकाल, सगळं तारखेवार लावलेलं. वाचायला लागलो तो बजावणीच्या अहवालापाशी थांबलो. समन्स बजावणाऱ्या माणसाने प्रत्येक फेरीची वेळ आणि काय दिसलं ते शपथेवर लिहिलं होतं. सकाळी गेलो, कोणी दार उघडलं नाही. संध्याकाळी गेलो, आत टीव्ही चालू, दार उघडलं नाही. शेजारीण म्हणाली, ते रात्रपाळीला जातात. पुन्हा गेलो, दाराशी लहान मुलाची सायकल. मग कोर्टाची परवानगी घेऊन समन्स दाराला चिकटवलं. उत्तर आलं नाही आणि एकतर्फी निकाल झाला.

कुठल्या तरी जोशांच्या दारात उभ्या असलेल्या सायकलची नोंद शपथपत्रावर येऊन काउंटीच्या दप्तरात कायमची पडली आहे, आणि ती मी सोफ्यावर बसून, चहा पीत वाचत होतो. मला कोणी विचारलं नाही की तुम्ही कोण, कशाला हवंय. टेक्सासच्या दिवाणी प्रक्रियेच्या नियमांत ७६-अ नावाचा नियम आहे, त्याप्रमाणे दिवाणी कोर्टाचे कागद खुले आहेत असंच गृहीत धरायचं. झाकायचे असतील तर झाकणाऱ्याने कारण पटवून द्यायचं. गंमत म्हणजे राज्याचा माहिती अधिकाराचा कायदा न्यायसंस्थेला लागूच नाही, तरी दिवाणी फाइल बघायला अर्जाचीही गरज पडत नाही. वडिलांनी साताऱ्याच्या जमिनीच्या वाटपाच्या दाव्यात नकलांसाठी घातलेले खेटे मला आठवतात, आणि ते तर स्वतः पक्षकार होते. तिऱ्हाइताने मागितलं तर आपल्याकडे आधी कारण द्या, प्रतिज्ञापत्र करा. आता ई-कोर्ट्सवर पक्षकाराच्या नावाने शोधून तारखा आणि आदेश घरबसल्या दिसतात, ही मोठीच सोय झाली. पण दावाअर्ज, कैफियत, पुरावे असे पानापानाने कोणालाही उघडून दिलेले नाहीत. ते बरं की हे, या प्रश्नावर माझं मत त्या दिवसांत सारखं हेलकावे खात होतं. हा खुलेपणा नसता तर माझी सुटका झाली नसती, हे खरं. आणि त्या माणसाला आपली सायकल कोण कोण बघून गेलं याचा पत्ता नाही, हेही खरं.

पहिल्या फाइलमध्ये माझी सुटका मधल्या नावाने केली. एकतर्फी निकाल घेताना वादीला प्रतिवादीचा शेवटचा ठाऊक असलेला पत्ता लेखी द्यावा लागतो. तो हिलक्रॉफ्टचाच होता, त्याने काही हललं नाही. पण अर्जाला कार्डाचं जुनं स्टेटमेंट जोडलं होतं आणि त्यावर मधलं अक्षर ‘के’ होतं. आपण वडिलांचं नाव मध्ये लावतो, ते माझ्या पासपोर्टवर, लायसन्सवर, खरेदीखतावर सगळीकडे पूर्ण छापलेलं आहे, आणि ते ‘व्ही’ने सुरू होतं. इथे आल्यावर बरेच जण मधलं नाव गाळून टाकतात, फॉर्मवर जागा नाही म्हणून किंवा उच्चार कोण समजावत बसणार म्हणून. माझं ऐकाल तर गाळू नका. त्या स्टेटमेंटवर खाते क्रमांकाचे शेवटचे आकडे सोडून सगळं काळं केलेलं होतं. अशी संवेदनशील माहिती झाकूनच दाखल करायची असा नियम २०१४ पासून आहे. त्याआधीच्या फाइलींत काय काय उघडं पडलं असेल याचा विचार न केलेला बरा.

दुसरं प्रकरण चिवट होतं. २०१८ चा डिस्ट्रिक्ट कोर्टातला दावा, एका स्ट्रिप मॉलमधल्या दुकानाच्या थकलेल्या भाड्याचा. प्रतिवादी दोन, दुकानाची कंपनी आणि भाडेकराराला व्यक्तिशः जामीन राहिलेले जोशी. पत्ता ह्यूस्टनजवळच्या केटी गावचा. २०१८ मध्ये मीही ह्यूस्टनमध्येच होतो, म्हणजे एडिसनचे कागद इथे निरुपयोगी. मधलं नाव कुठेच नाही. भाडेकराराच्या शेवटच्या पानावर सही होती, पण सहीवरून तो मी नाही हे कोण ठरवणार? माझी सही मलाच दोनदा सारखी येत नाही.

डिस्ट्रिक्ट क्लार्कच्या साइटवर पुन्हा वेगळं खातं. तिथल्या यादीत एक नोंद नुसती ‘उत्तर’ अशी होती, म्हणजे आपली कैफियत. उघडली तर वहीच्या रेघांच्या कागदावर हाताने लिहिलेली दोन पानं. स्वतःची बाजू स्वतः मांडणाऱ्याला इलेक्ट्रॉनिक दाखल्याची सक्ती नाही, त्यामुळे असे कागद अजूनही स्कॅन होऊन येतात. अक्षर घोटीव, इंग्रजी शाळेत शिकवतात तसं. हार्वे वादळाच्या पुरात दुकानात पाणी आलं, माल गेला, विमा कंपनीने पूर म्हणून हात वर केले, घरमालकाने भिंती दुरुस्त करायला महिने लावले, तरी भाडं चालूच राहिलं. ऑगस्ट २०१७ चा तो पाऊस मीही इथे बघितलाय, त्यामुळे त्या दोन पानांतलं एकही वाक्य मला खोटं वाटलं नाही. कोर्टाला मात्र त्यात बचाव दिसला नसावा. निकाल वादीच्या बाजूने, संक्षिप्त सुनावणीत.

आणि दुसऱ्या पानाच्या तळाशी, सहीच्या खाली, त्यांनी आपल्या लायसन्सचे आणि सोशल सिक्युरिटीचे शेवटचे तीन-तीन आकडे लिहिले होते. ही काही त्यांची हौस नव्हे. टेक्सासच्या कायद्याप्रमाणे दिवाणी दाव्यात प्रत्येक पक्षाने आपल्या पहिल्या निवेदनात ते आकडे द्यायचे असतात. वकील पुष्कळदा विसरतात. या गृहस्थांनी फॉर्मबरोबरच्या सूचना नीट वाचल्या असणार. गोषवारा करणाऱ्या वकिलाने ते आकडे उतरवून घ्यायची तसदी घेतली नव्हती, म्हणून जागा कोऱ्या. दोन्ही आकडे माझ्यापेक्षा वेगळे होते. बायकोला हाक मारून दाखवलं. ती ते वाचून म्हणाली, “अरे, पण या बिचाऱ्यांचं पुढे काय झालं?” ते फाइलमध्ये नव्हतं. शेवटची नोंद गोषवारा दिल्याची.

पडद्यावरची शिक्का मारलेली प्रत बाईंना चालेना, प्रमाणित नक्कल पाहिजे म्हणाल्या. ती ऑनलाइनही मागवता येते, पण तारीख जवळ आली होती म्हणून गाडी काढून डाउनटाउनला गेलो. दिवाणी कोर्टाची इमारत २०१ कॅरोलाइन स्ट्रीटला आहे, सतरा मजली, २००६ पासूनची. दारात विमानतळासारखी तपासणी, पट्टा काढा, किल्ल्या ट्रेमध्ये टाका. काउंटी क्लार्कच्या दिवाणी काउंटरवर एक वयस्क बाई होत्या. “नंबर आणलाय का, हनी?” सात आकडी नंबर दिल्यावर त्यांचा चेहरा उजळला. माझ्या पुढचा माणूस नुसतं नाव घेऊन आला होता, आणि ते नाव गार्सिया होतं. कुठली पानं हवीत ते मी आधीच लिहून नेलं होतं, अर्जाला जोडलेलं स्टेटमेंट आणि निकाल. अख्खी फाइल मागितली असती तर नाहक पैसे गेले असते, कारण साध्या प्रतीला पानाला एक डॉलर आणि प्रमाणित हवी तर वर पाच डॉलर दाखल्याचे. छापलेल्या पानांवर उठावदार शिक्का दाबला, सही केली, झालं. डिस्ट्रिक्ट क्लार्कची खिडकी त्याच इमारतीत. तिथून कैफियतीची दोन पानं आणि निकाल घेतला.

दोन्ही नकला, माझ्या लायसन्सची प्रत आणि ‘वरील दोन निकालांतला प्रतिवादी मी नव्हे’ असं नोटरीसमोर केलेलं प्रतिज्ञापत्र एवढं दिल्यावर सी मधल्या त्या दोन ओळी गेल्या. सुधारित बाड आलं आणि ठरल्या तारखेला व्यवहार झाला. एस्क्रो बाईंना मी विचारलं, आता हे काउंटीच्या नोंदींतून पुसलं जाईल ना? त्या म्हणाल्या, पुसायचं काय, ते बोजे खरेच आहेत, फक्त तुमचे नाहीत. माझं प्रतिज्ञापत्र त्यांच्या फाइलमध्ये राहणार. दुसरी कंपनी, दुसरा व्यवहार, की पुन्हा हाच प्रश्न. २०१९ चा बोजा २०२९ पर्यंत चालणार, आणि धनकोने मधल्या काळात निकाल जिवंत ठेवला तर तो पुन्हा नोंदवताही येतो. त्यामुळे शिक्क्याच्या मूळ नकला मी ठेवून घेतल्या, त्यांना रंगीत स्कॅन दिलं आणि मूळ कागद नुसते दाखवले. मंडळातल्या ओळखीच्या एका जोशांना घर विकायचं आहे, वेस्टहायमरच्या बाजूला. त्यांचंही पहिलं नाव माझंच. त्यांना दोन्ही दाव्यांचे क्रमांक आणि कुठलं पान मागायचं ते लिहून पाठवलंय.